दोन दालनं आणि एक होडी: जॉन सिंगर सार्जंटचं व्हेनिस

व्हेनिसमधल्या दोन दालनांपासून सुरुवात करू. दोन्ही एकाच चित्रकाराने रंगवली आहेत. मधे साधारण सतरा वर्षं गेली.

पहिलं दालन लांबलचक आणि अंधारं. भिंतींचा रंग कुठला ते सांगता येत नाही, जुन्या चौकटी लटकताहेत, आणि काळ्या शाली पांघरलेल्या काही बायका तिथे आहेत. कोणी बसली आहे, कोणी उगाच उभी आहे. पार मागच्या टोकाला खिडकीतून उजेड येतो आणि फरशीवर उन्हाची एक तिरीप पडते. बस्स, एवढंच. हे १८८०-८२ च्या सुमाराचं तैलचित्र, आता अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयात आहे.

दुसरं दालनही अंधारंच, पण हा अंधार श्रीमंत आहे. छताजवळ सोनेरी नक्षी लुकलुकते, झुंबर आहे, टेबलावर चहाचं सामान आहे. एक म्हातारे गृहस्थ मोठं पुस्तक चाळताहेत, बाई समोर ताठ बसल्यात, सून चहा ओततेय आणि मुलगा टेबलाच्या कडेला रेलून उभा आहे. हे १८९८ चं चित्र लंडनच्या रॉयल अकॅडमीत आहे.

जॉन सिंगर सार्जंटबद्दल एक सोपी गोष्ट नेहमी सांगितली जाते. तरुणपणी त्याने गरिबांचं खरंखुरं व्हेनिस पाहिलं, पुढे तो श्रीमंतांचा चित्रकार झाला आणि मग गोंडोलात पाय पसरून पर्यटकांचं व्हेनिस रंगवत बसला. वरची दोन दालनं शेजारी ठेवली की ही गोष्ट पटते. मलाही बरीच वर्षं पटत होती. आता पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगण्यासाठी हे प्रकरण जरा उलगडून बघतो.

परदेशस्थ, पण कुठला?

सार्जंट अमेरिकन. पण जन्म १८५६ चा, फ्लॉरेन्सचा. वडील फिलाडेल्फियात डोळ्यांचे सर्जन होते. पहिलं मूल गेल्यावर आईने युरोपचा ध्यास घेतला आणि मग हे कुटुंब कधी स्थिर झालंच नाही. ऋतू बदलला की गाव बदलायचं. अमेरिका त्याने पहिल्यांदा पाहिली ती १८७६ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी. इटालियन आणि फ्रेंच भाषा त्याला घरच्यासारख्या येत होत्या. म्हणजे ‘परदेशी चित्रकार व्हेनिसला गेला’ हे वाक्य त्याच्या बाबतीत अर्धंच खरं. बोळातल्या बाईशी तो तिच्या भाषेत भाव करू शकत होता. पण मुक्काम मात्र नेहमी पाहुण्याचाच.

व्हेनिस त्याने लहानपणीही आईवडिलांबरोबर पाहिलं होतं. चित्रकार म्हणून तो तिथे आला सप्टेंबर १८८० मध्ये. तोवर पॅरिसमध्ये कारोलुस-द्युराँच्या हाताखाली शिकून झालं होतं. १८७९ मध्ये माद्रिदला जाऊन त्याने जुना स्पॅनिश चित्रकार वेलाझ्केझच्या चित्रांच्या नकला केल्या होत्या, आणि १८८० च्या उन्हाळ्यात हॉलंडमधल्या हार्लेमला डच चित्रकार फ्रान्स हाल्सची चित्रं पाहून आला होता. त्या अंधाऱ्या दालनाची आई कोण हे ज्याने वेलाझ्केझचं ‘लास मेनिनास’ हे चित्र पाहिलंय त्याला सांगावं लागत नाही. पुढे काळोख आणि मागे एक उजेडाचं दार. वेलाझ्केझकडून उचललेली युक्ती त्याने व्हेनिसच्या दालनात आणून बसवली.

आणि दालनही तसं मिळालं. व्हेनिसच्या जुन्या हवेल्यांत ‘पोर्तेगो’ नावाचा एक प्रकार असतो. आपल्या वाड्यात मधोमध चौक असतो, तसं इथे हवेलीच्या मधोमध एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेलं दालन. एका टोकाला कालव्यावरच्या खिडक्या, दुसऱ्या टोकाला आतल्या अंगणाच्या. त्यामुळे टोकं उजळ आणि पोट अंधारं. सार्जंटने स्टुडिओ भाड्याने घेतला तो पालाझ्झो रेझ्झोनिकोत. तेव्हा या भव्य हवेलीची रया गेली होती आणि तिच्या खोल्या चित्रकारांना भाड्याने दिल्या जात. (पुढे ती कवी ब्राऊनिंगच्या चित्रकार मुलाने विकत घेतली, आणि कवी स्वतः १८८९ मध्ये तिथेच वारला. आज तिथे अठराव्या शतकातल्या व्हेनिसचं संग्रहालय आहे.)

मणी, पाणी, कांदे

त्या हिवाळ्यात आणि पुन्हा १८८२ च्या उन्हाळ्यात त्याने जे रंगवलं त्यात सान मार्कोचा चौक मुख्य नाही, डोजचा, म्हणजे तिथल्या जुन्या शासकाचा, राजवाडा नाही. मणी ओवणाऱ्या बायका आहेत, पाणी वाहणाऱ्या आहेत, कांदे विकणारी आहे. बोळात कोटात हात घालून उभे असलेले पुरुष आहेत.

मणी ओवणाऱ्या बायकांना तिथल्या बोलीत ‘इम्पिरारेस्से’ म्हणत. मांडीवर लाकडी तबक, त्यात राईएवढे काचेचे मणी, आणि हातात एकाच वेळी कितीतरी लांब सुया पंख्यासारख्या धरलेल्या. तो पंखा मण्यांच्या ढिगात खुपसायचा, की सुया आपोआप भरत जातात. आपल्याकडच्या पटवेकऱ्याने हे पाहिलं असतं तर तासभर तिथून हलला नसता. काम घरबसल्या, मजुरी नगावर. हे मणी जहाजांनी आफ्रिकेत, अमेरिकेत, आपल्या हिंदुस्थानातही जात. सार्जंटच्या चित्रात मात्र हा सगळा व्यापार दिसत नाही. दिसतो तो मण्यांच्या सरांचा क्षणभर चमकणारा एक फटकारा, आणि काम करता करता रेंगाळलेल्या बायका.

पाणी वाहणाऱ्यांचं चित्र मला याहून महत्त्वाचं वाटतं. चारी बाजूंनी पाणी असलेल्या या शहराला प्यायला पाणी नव्हतं. प्रत्येक चौकात आड दिसतो, पण तो आपल्या अर्थाने आड नव्हे. चौकाखाली मातीने लिंपलेली मोठी खड्डेवजा टाकी, तिच्यात वाळू, पावसाचं पाणी त्या वाळूतून गाळत मधल्या विहिरीत यायचं. अशा सहा हजारांच्या आसपास विहिरी शहरात होत्या. पाणी घरोघर पोचवायच्या त्या बायका, खांद्यावर वाकड्या दांड्याला दोन बाजूंनी तांब्याच्या बादल्या अडकवून. सरळ सांगायचं तर कावड. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं आणि हा धंदा संपत गेला. सार्जंटने ते चित्र काढलं तेव्हा या बायकांच्या पोटावर पाय यायला जेमतेम दोन-चार वर्षं उरली होती. त्याला याची कल्पना होती की नाही, चित्र काही बोलत नाही. तो त्यांच्याकडे हळहळून बघत नाही, एवढं नक्की.

बोळातल्या चित्रांपैकी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक आहे, १८८२ चं, लाकडी फळीवर रंगवलेलं. कामही छोटं, एका फळीएवढंच. काल्ले लार्गा देई प्रोव्हेर्बी नावाचा बोळ. एक तरुण बाई शाल घट्ट ओढून आपल्याच दिशेने येते आहे, नजर खाली, पायाने घागऱ्याची कड उडते आहे. बाजूला सावलीत दोघे पुरुष, त्यातला एक तिच्याकडे बघतो आहे. बघणाऱ्याला एक गोष्ट उशिरा लक्षात येते: तिच्याकडे बघणारे तीन जण आहेत. दुसरा चित्रकार, आणि त्याच्या मागे तिसरे आपण.

आता यावर तेव्हाचे लोक काय म्हणाले? बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे पहिले अध्यक्ष मार्टिन ब्रिमर १८८२ च्या शरद ऋतूत व्हेनिसला होते. त्यांनी पत्रात लिहिलं, त्याचा आशय असा: चित्रं हुशारीची आहेत, पण जे इथे आजवर कोणी शोधलं नाही तेच शोधायची हौस त्यात फार दिसते. विषय देखणे नाहीत, रंग नाही, ऊन नाही. पॅरिसच्या एका समीक्षकाने १८८३ मध्ये त्याच्या पुढे जाऊन विचारलं की केस विस्कटलेल्या, फाटके कपडे घातलेल्या या बायका व्हेनिसचा जुना चित्रकार तिशियनने रंगवलेल्या सुंदरींच्या वंशज कशा म्हणायच्या, आणि एवढंच आणायचं होतं तर इटलीला जायचं कशाला.

टीका गमतीची आहे, कारण ती वस्तुस्थिती म्हणून अगदी बरोबर आहे. रंग खरोखरच नाही. सगळं राखाडी, काळं, मातकट पांढरं, आणि कुठेतरी गुलाबी वस्त्राचा एक तुकडा.

पण ‘खरंखुरं व्हेनिस’ म्हणणाऱ्यांनी एक बाब पाहायला हवी. या चित्रांतली बाई पुन्हा पुन्हा तीच आहे. जिजिया व्हियानी नावाची मॉडेल. ती कुठे बोळातून चालते, कुठे भिंतीला टेकून खुर्चीत बसते. म्हणजे हे सहज टिपलेलं लोकजीवन नव्हतं. पैसे देऊन उभी केलेली माणसं होती, जागा निवडलेली होती, प्रकाश ठरवलेला होता. यात फसवणूक काही नाही, सगळेच चित्रकार तसं करत. फक्त तरुण सार्जंटला गरिबांचा कैवारी करायची घाई नको. तो पंचवीस-सव्वीस वर्षांचा होता, पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या वार्षिक कलाप्रदर्शनात, नाव व्हावं अशी खटपट चालली होती, आणि सालोंमध्ये नाव व्हायचं तर माणसांचं चित्र लागायचं. स्पेनने त्याला ‘एल हालेओ’ हे नाचाचं मोठं चित्र दिलं, १८८२ मध्ये ते गाजलं. व्हेनिसकडूनही तसंच काही मोठं मिळेल ही आशा असणार. मिळालं नाही. मिळाली ती छोटी, अंधारी, न गाजलेली चित्रं, आणि माझ्या मते ती ‘एल हालेओ’पेक्षा जास्त टिकाऊ आहेत.

त्याच शहरात १८८० च्या शरद ऋतूत आणखी एक अमेरिकन चित्रकार असाच बोळाबोळांतून हिंडत होता: व्हिसलर. कलासमीक्षक रस्किनवर केलेल्या खटल्यात दिवाळं निघाल्यावर लंडनच्या एका संस्थेने बारा कोरीवचित्रांची मागणी देऊन त्याला पाठवलं होतं, आणि तो चौदा महिने राहून गेला. तोही दाराआडचं, अंगणातलं व्हेनिस शोधत होता. तेव्हा हा दृष्टिकोन सार्जंटचा एकट्याचा नव्हता, हवेतच होता.

चहाचं दालन

मधल्या काळात बरंच घडलं. १८८४ मध्ये मादाम गोत्रो या पॅरिसच्या उच्चभ्रू बाईच्या चित्रावरून पॅरिसमध्ये गदारोळ झाला. पुढच्या दोन वर्षांत तो लंडनला स्थायिक झाला आणि नव्वदीच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या पैसेवाल्या घराण्यांना सार्जंटकडून चित्र काढून घेतलं नाही तर काही कमी आहे असं वाटायला लागलं. चेहरे हा त्याचा धंदा झाला. सकाळी एक बसणारी, दुपारी दुसरी. तोंड नीट आलं नाही, नाक मोठं झालं, मुलीला ओठ आवडले नाहीत. त्याच्या वैतागाचे किस्से चित्रकारांच्या तोंडी अजून आहेत.

१८९८ मध्ये तो व्हेनिसला परतला तो पालाझ्झो बार्बारोत, कर्टिस कुटुंबाकडे. १८८२ मध्येही तिथेच उतरला होता. डॅनियल कर्टिस बॉस्टनचे, सार्जंटचे लांबचे नातलग. १८८१ पासून ते या हवेलीत राहात आणि १८८५ मध्ये त्यांनी ती विकतच घेतली. मुलगा राल्फ हा सार्जंटचा पॅरिसमधला सहाध्यायी. पाहुणचाराची परतफेड म्हणून सार्जंटने ते चहाचं चित्र काढलं आणि घरच्या बाईंना भेट द्यायला गेला. त्यांनी घेतलं नाही. आपण म्हाताऱ्या दिसतो, आणि मुलगा असा टेबलावर रेललेला बरा दिसत नाही, ही तक्रार. भेटीची वस्तू अशी साभार परत आली. मग त्याने ते रॉयल अकॅडमीला सदस्य झाल्याबद्दल द्यायच्या चित्राच्या जागी देऊन टाकलं. व्हिसलरलाही ते आवडलं नव्हतं, त्याला त्यात सगळीकडे फराटे दिसले.

या प्रकरणातला सांधा मला इथे दिसतो. जी युक्ती त्याने मणी ओवणाऱ्यांवर वापरली, अंधार आणि मधून येणारा तिरका उजेड, तीच त्याने घरच्या माणसांवर वापरली. मणी ओवणाऱ्या बायकांना चित्र आवडलं का हे कोणी विचारलं नव्हतं. इथे विचारलं, आणि उत्तर आलं.

त्यानंतरच्या व्हेनिसमध्ये चेहरे जवळजवळ उरत नाहीत.

होडीतून

१८९८ पासून १९१३ पर्यंत तो वारंवार व्हेनिसला जात राहिला. सोबत बहीण एमिली, द ग्लेन दांपत्यासारखे चित्रकार मित्र, आणि सामान वाहायला नोकर. बैठक गोंडोलात. मांडीवर जलरंगाचा कागद.

गोंडोला सुमारे अकरा मीटर लांब आणि तळ उथळ. वल्हवणारा मागे एका बाजूला उभा राहून एकाच वल्ह्याने ढकलतो, म्हणून तोल साधायला तिची डावी बाजू उजवीपेक्षा चोवीस सेंटिमीटरने रुंद बांधतात. उतारू खालच्या आसनावर बसतो. त्याचे डोळे पाण्यापासून जेमतेम हातभर वर येतात. हा तपशील क्षुल्लक नाही. वाईला कृष्णेच्या घाटावर सगळ्यात खालच्या पायरीवर बसून ढोल्या गणपतीचं देऊळ काढायचा प्रयत्न ज्याने केला असेल त्याला हे माहीत आहे: समोर पायऱ्याच पायऱ्या, भिंत अंगावर येते, आणि शिखर कागदात मावत नाही. मान वर करून शिखर बघता येतं, पण मग पाणी सुटतं. दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. सार्जंटने पाणी आणि पायथा निवडला.

म्हणून सांता मारिया देल्ला सालूतेसारखं चर्च, जे सतराव्या शतकातल्या प्लेगच्या नवसाचं आणि ज्याचा घुमट प्रत्येक पोस्टकार्डावर असतो, ते त्याच्या अनेक चित्रांत घुमटाविना येतं. ब्रुकलिनच्या संग्रहालयातल्या १९०४ च्या जलरंगात खांब आहेत, पुतळे आहेत, पायऱ्या आहेत, आणि खाली नावांची, डोलकाठ्यांची गर्दी. वास्तूची रेघ आधी पेन्सिलीने नेमकी काढून घेतली आहे. हा माणूस घाईत दिसला तरी मोजमाप सोडत नाही. मग संगमरवराचा पांढरा कसा केला? बहुतेक ठिकाणी केलाच नाही, कागद तसाच ठेवला. पांढऱ्यावरच्या सावलीत जांभळा, निळा, आणि पाण्यावरून उलट उसळलेल्या उन्हाचा पिवळट गेरू. पांढऱ्या दगडाची सावली राखाडी नसते, हे या एका कागदावर जितकं कळतं तितकं वर्गातल्या दहा तासांत कळत नाही. कुठे कुठे तो कागदावर आधी मेण घासायचा, म्हणजे त्यावर रंग धरत नाही आणि उन्हाचे ठिपके राहतात. शेवटी गरज वाटली तर जाड पांढऱ्याचे दोन-चार फटकारे. शुद्ध जलरंगवाले यावर नाक मुरडतात. मुरडोत.

माणसं आहेत, पण ती अशी: वल्हवणाऱ्याचा पांढरा सदरा, म्हणजे एक फटकारा, छत्री घेतलेली बाई, म्हणजे छत्री. ब्रुकलिनमध्येच निःश्वासांच्या पुलाचं एक जलरंग आहे, त्यात पुलाखालच्या गोंडोलांतले लोक ओळखायचा प्रयत्न करून बघा. एखाददुसरं दारूच्या गुत्त्याचं चित्र, गोंडोलात चित्र काढत बसलेल्या मित्रांचं एखादं, हे अपवाद. १८८२ मध्ये बोळातली बाई आपल्याला पाहून नजर चुकवत होती. आता नजर चुकवायला कोणी नाहीच.

तेव्हा बदललं काय? शहर बदललं, हे खरं. १८८१ मध्ये मोठ्या कालव्यात वाफेच्या बोटी सुरू झाल्या, १८८४ मध्ये नळ आले, १८९५ पासून आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शन भरू लागलं. पण सार्जंटच्या होडीतल्या चित्रांत वाफेची बोट शोधून सापडायची मारामार. तो शहराची नोंद ठेवत नव्हता, ना पहिल्या खेपेस, ना नंतर. श्रीमंती आली म्हणून नजर पर्यटकाची झाली, हेही नीट बसत नाही. पर्यटकाला घुमट लागतो, पुलाची पूर्ण कमान लागते. फिलाडेल्फियातलं त्याचं रियाल्तोचं तैलचित्र बघा, १९११ च्या सुमाराचं. जगप्रसिद्ध पूल, आणि हा कमानीच्या खाली, अंधारात शिरून बसलाय. बघता बघता ते पहिलं अंधारं दालन आठवतं: पुढे काळोख, मागे उजेड.

माझं म्हणणं असं की त्याचं व्हेनिस नेहमी वर्षाच्या उरलेल्या महिन्यांच्या उलट होतं. १८८० मध्ये नाव कमवायचं होतं, हाताशी मॉडेल होती, चेहरे ही भूक होती. म्हणून व्हेनिस चेहऱ्यांचं. १९०० नंतर चेहरे ही नोकरी होती. म्हणून व्हेनिस दगडांचं आणि पाण्याचं. दगड तक्रार करत नाहीत, खांबाला आपलं नाक मोठं वाटत नाही. १९०७ मध्ये त्याने व्यक्तिचित्रांचं काम जवळपास बंदच केलं. माझ्या या मांडणीत इथे एक भोक आहे, ते झाकत नाही. नोकरी सुटल्यावर व्हेनिसमध्ये चेहरे परत यायला हवे होते. आले नाहीत. एक तर सवय झाली होती, किंवा बाजार लागला होता. १९०९ मध्ये न्यू यॉर्कला त्याने ८६ जलरंग मांडले, सुटे विकायचे नाहीत या अटीवर. ब्रुकलिनने त्यातले ८३ वीस हजार डॉलरला उचलले आणि त्यात व्हेनिसची चांगली भर होती. १९१२ मध्ये बॉस्टनने ४५ घेतले. तीस वर्षांपूर्वी ज्या गावच्या मोठ्या माणसाला त्याच्या व्हेनिसमध्ये ऊन सापडत नव्हतं, तेच गाव.

१९०८ मध्ये फ्रेंच चित्रकार मोने व्हेनिसला आला तो याच पालाझ्झो बार्बारोत, सार्जंटच्याच एका मैत्रिणीचा पाहुणा म्हणून. त्याने ३७ कॅनव्हास सुरू केले. त्यांत राजवाडे अख्खे दिसतात, पाण्यावर तरंगणारे, दुरून. दोघांची चित्रं एकत्र पाहिली की सार्जंट किती जवळ बसत होता ते कळतं. दगडावरचं शेवाळ दिसेल इतका.

१९१३ मध्ये त्याने मोठ्या कालव्यावरच्या सान स्ताए चर्चचं तैलचित्र केलं. चर्चचं म्हणजे चर्चच्या कोपऱ्याचं, नावातच तसं आहे. दर्शनी भाग अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा, पुतळ्यांनी मढवलेला. सार्जंट खांबांच्या बैठकीशी थांबला. पुढच्या उन्हाळ्यात महायुद्ध सुरू झालं तेव्हा तो टायरोलच्या डोंगरात चित्रं काढत होता, आणि त्यानंतर व्हेनिसला जाणं घडलं नाही.